अभिमान आणि ऋण

मनुष्याने स्वतः मिळविलेल्या विद्येचा किंवा धनाचा अभिमान धरावा, हे नीतीस फारसे धरून नसले तरी समजण्यासारखे आहे. परंतु ज्या प्रांतात आपण जन्मलो त्याचा अभिमान कोणत्या न्यायाने धरावयाचा? तो प्रांत आपण निर्माण केला नाही. त्याच्या सीमा आपणांस विचारून आखलेल्या नाहीत. त्यातले संत आणि वीर आपल्या जन्मापूर्वीच आपापले कार्य करून गेले. तरीही १ मे रोजी झेंडा वर चढू लागला आणि राज्यगीताचे सूर कानी आले की ऊर भरून येतो. हा केवळ मोह समजावा, की यात काही धर्मही आहे? आमच्यासारख्या सरहद्दीवरच्या माणसास हा प्रश्न इतरांहून अधिक वेळा पडतो.

आमचे घर कनेरगाव नाका येथले. गाव हिंगोली जिल्ह्याच्या वेशीवर आहे, पलीकडे वाशिम. नाका हा शब्द गावाच्या नावालाच चिकटलेला आहे, आणि सरहद्दीवरचा नाका म्हटला की दोन सत्ता आल्याच. १९४८ पर्यंत इकडचा मुलूख निजामाचा आणि पलीकडचे वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते. वस्तुतः वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच. पण १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या हाती गेले आणि १९०२ च्या करारानंतर कायमचेच त्यांच्याकडे राहिले. त्यामुळे कोसादोन कोसांत सारा व्यवहार बदले. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. इकडे कचेरीत उर्दू आणि फसली सन, तिकडे इंग्रजी तारखा. इकडे सुट्टी शुक्रवारची, तिकडे रविवारची. माल न्यावयाचा तर करोडगिरी भरावी लागे.

पोळा मात्र दोन्हीकडे श्रावण अमावास्येलाच येई. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकावयाचे, दुसऱ्या दिवशी त्यांस पुरणाची पोळी खाऊ घालावयाची, हा क्रम नाक्याच्या दोन्ही अंगांस सारखाच होता. आमची आजी वऱ्हाडातली. लग्न होऊन ती निजामाच्या राज्यात आली. तिची राज्यसत्ता बदलली, चलन बदलले, पण भाद्रपदातल्या महालक्ष्म्या माहेरी ज्या दिवशी उभ्या राहात त्याच दिवशी सासरीही राहात. सरहद्दीचे दफ्तर हैदराबादेत आणि नागपुरास होते. सणांचे दफ्तर घरच्या पंचांगात होते.

पुढे तर घर वीतभरही न हलता राज्ये बदलत गेली. १९४८ नंतर ते भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात होते. १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला. अभिमान जर केवळ राज्याच्या नावाचा असेल, तर आजीने त्यांपैकी कोणत्या नावाचा धरावयाचा होता?

यावरून कित्येक सुशिक्षित असा निष्कर्ष काढतात की, सीमा कृत्रिम असल्यामुळे प्रांताभिमानही पोकळ आहे. शहाण्याने अवघ्या विश्वास आपले घर मानावे. हे बोलणे उदात्त आहे, परंतु पुरते खरे नाही. मनुष्य प्रेम करावयास शिकतो ते कोणत्या तरी एका अंगणात, एका भाषेत. ज्या नरसी गावास नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मान आहे ते याच हिंगोली तालुक्यातले. नामदेव पंजाबापर्यंत गेले, त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आली. तरी त्यांच्या मराठी अभंगांतला विठोबा उणा झाला नाही. आपले घर पक्के असलेला मनुष्यच दुसऱ्याच्या घरात निःशंकपणे जाऊ शकतो.

तेव्हा प्रश्न अभिमान असावा की नसावा हा नसून, तो कोणत्या जातीचा असावा हा आहे. याचे उत्तर आम्हांस ग्रंथांत नव्हे, आजीच्या एका वागणुकीत सापडले.

१७ सप्टेंबर हा मराठवाड्याचा मुक्तिदिन. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी, १९४८ साली, या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेल्यांनी जे सोसले ते थोडे नव्हते, आणि रझाकारांचा जुलूम ही काही दंतकथा नव्हे. आजी दरवर्षी त्या दिवशी झेंड्याला जाई, घरी गोडाचे करी आणि मग दिवसभर फारशी बोलत नसे. कारण तिने फार उशिरा, अखेरच्या वर्षांत सांगितले.

त्या साली पावसाळ्यात भयाने घर बंद करून सारी मंडळी वऱ्हाडात तिच्या माहेरी गेली होती. वाटेत झडती होईल म्हणून महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे शेजारच्या मनियारणीकडे ठेवले होते. राज्य पालटल्यावर काही आठवड्यांनी मंडळी परतली, तेव्हा मनियारणीचे घर उघडे पडलेले होते. ती माणसे कोठे गेली हे कोणी सांगेना. कोणी फारसे विचारीतही नव्हते. मुखवटे मात्र मिळाले. जीव घेऊन निघण्यापूर्वी त्या बाईने ते लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पाटलाच्या वाड्यावर पोचते केले होते.

भारत सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या दिवसांत आणि त्यानंतर मारल्या गेलेल्या माणसांचा आकडा किमान २७ ते ४० हजार असावा असा अंदाज केला. त्यांतले बहुतेक मुसलमान होते. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. आजीस त्याची वार्ताही नव्हती. ती एवढेच करी की, महालक्ष्म्यांपुढे बांगड्यांचा एक जोड निराळा ठेवी. तो कोणाचा, असे आम्ही मुले विचारीत असू, तेव्हा ‘असू दे’ एवढेच ती म्हणे.

आपल्या पूर्वजांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले. अभिमान म्हणतो, ‘हे माझे आहे’. ऋण म्हणते, ‘हे मला कोणी तरी दिले आहे.’ पहिल्यास मिरवणूक पुरते. दुसऱ्यास हिशेब लागतो, आणि त्या हिशेबात ज्यांची नावे कोणत्याच फलकावर नाहीत अशीही माणसे निघतात. मुक्तीचा आनंद खरा होता, म्हणून त्या रिकाम्या घराचे दुःख खोटे ठरत नाही; आणि ते दुःख स्मरले, म्हणून मुक्तीचे मोल कमी होत नाही. दोन्ही एकाच अंतःकरणात बाळगणे कठीण आहे, पण सण साजरा करणाऱ्याकडून एवढी अपेक्षा करणे अवाजवी नव्हे.

२०२३ पासून राज्यगीत म्हणून गाइल्या जाणाऱ्या राजा बढे यांच्या गीतात वरदेचे नाव आहे, आमच्या पैनगंगेचे नाही. लहानपणी याचे वैषम्य वाटे. परंतु पैनगंगा पुढे जाऊन वर्धेसच मिळते, हे पुढे भूगोलात शिकलो. ज्या पाण्याचे नाव घेतले जात नाही तेही गाण्यातल्या नदीत असतेच.

आजी गेली. मुखवटे आमच्याकडे आहेत. भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या राहतात तेव्हा बांगड्यांचा तो जोड आता आमची सून ठेवते. तिच्या मुलाने यंदा विचारले, तो कोणाचा? आम्ही ‘असू दे’ म्हटले नाही. सारी हकीकत सांगितली.