संहितेचे स्थलांतर आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

मुद्रणासाठी सिद्ध झालेली संहिता पृष्ठरचनेच्या संगणकीय प्रणालीत नेली जाते तेव्हा तिचे काय होते, हा प्रश्न सामान्यतः तांत्रिक मानला जातो आणि अक्षरजुळणी करणाऱ्यावर सोपवून दिला जातो. वस्तुतः तो संहितेच्या अभिन्नतेचा, आणि म्हणूनच नैतिकही प्रश्न आहे. जे नेले गेले ते 'तेच' आहे, असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? आणि ते तेच नसेल तर दोष कोणाचा?

'श्रीवर्धन' हे स्थलनाम उदाहरणादाखल घेता येईल. वाचणाऱ्याला येथे चार अक्षरे दिसतात. युनिकोडनुसार मात्र संगणकात नऊ चिन्हे साठवलेली असतात : श, हलन्तचिन्ह, र, दीर्घ ईकार, व, र, हलन्तचिन्ह, ध आणि न. या नऊ चिन्हांची चार अक्षरे घडविणे हे टंक आणि पृष्ठरचनेची प्रणाली यांचे संयुक्त कार्य होय. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. परंतु त्यानंतरही दीर्घकाळ मराठी मुद्रण ज्या टंकांवर चालले, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले होते आणि कोणत्या जागी कोणता आकार असावा, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या परीने ठरविले होते. या टंकांत 'र्ध'मधील रफार 'ध'नंतर साठवला जातो, तर 'हरिहरेश्वर'मधील ऱ्हस्व इकार 'र'च्या आधी. जुना टंक असा दृष्टीचा क्रम जपतो, युनिकोड उच्चाराचा. संहितेच्या स्थलांतरात या दोन क्रमांची गाठ पडते आणि बहुतेक अडचणी तेथूनच उद्भवतात.

त्यांपैकी काही अडचणी उघड असतात. जुना टंक उपलब्ध नसेल, तर मराठी परिच्छेदाच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थशून्य समूह दिसतो. 'इनडिझाइन'मध्ये भारतीय लिप्यांची जुळणी करणारी व्यवस्था २०१२च्या सीएस ६ आवृत्तीपासून अधिकृतपणे मिळू लागली. ती न निवडता मजकूर आत घेतला, तर 'श्री' फुटते, रफार वर चढत नाही, ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जाऊन उभा राहतो. ही विद्रूपता त्रासदायक खरी. परंतु ती स्वतःची साक्ष स्वतःच देते. अशा पानाची वाचक फसगत करून घेत नाही.

याहून गंभीर प्रकार वेगळा आहे. 'दऱ्या' या शब्दातील आडवा अर्धा रकार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्तायुक्त 'ऱ' वापरून, किंवा साध्या 'र'नंतर हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. मजकूर आत घेताना 'अनावश्यक' चिन्हे काढून टाकण्याच्या प्रक्रियेत हे अदृश्य चिन्ह गळाले, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. श्रीवर्धनच्या एखाद्या स्थानिक इतिहासात 'दऱ्या ओलांडून वस्ती पुढे गेली' असे वाक्य आहे, अशी कल्पना करावी. मुद्रित पानावर 'दर्या ओलांडून वस्ती पुढे गेली' असे उमटेल. व्याकरण निर्दोष, शुद्धलेखन निर्दोष; गाव समुद्रकाठचे, त्यामुळे आशयही संभाव्य. डोंगरातील स्थलांतराचा समुद्रप्रवास झाला, आणि पानावर त्याची खूण नाही.

साहित्यकृतीची अभिन्नता अक्षररचनेच्या साम्यावर अवलंबून असते, अशी भूमिका नेल्सन गुडमन यांनी १९६८च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात मांडली. अक्षररचना तीच असेल, तर प्रत्येक प्रत तितकीच अस्सल. परंतु या भूमिकेत वर्णमाला आधीच निश्चित झालेली आहे, असे गृहीत धरलेले असते. 'दऱ्या'ची दोन्ही लेखने डोळ्यांना सारखीच दिसतात. संगणकाला ती भिन्न वाटू शकतात. तेव्हा 'तेच अक्षर' कोणते, हे ठरविण्याचा अधिकार यंत्राकडे नसून भाषा जाणणाऱ्याकडेच राहतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्रत्येक प्रतिलेखन संहिता बदलतेच. श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३मध्ये पेशवे झाले. पेशव्यांच्या दप्तरातील मराठी कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. मोडीतील कागद देवनागरीत आणताना इकार-उकार ठरविणे अपरिहार्यच होते. हे खरे, परंतु तेथे कोणीतरी वाचून निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचा जाब त्याला विचारता येतो. अदृश्य चिन्ह गळते तेव्हा निर्णय कोणीच घेतलेला नसतो.

दुसरा आक्षेप सैद्धांतिक आहे : संहिता मुळातच अस्थिर, तर शुद्ध पाठाचा आग्रह कशाला? परंतु अनेकार्थता चिन्हांच्या परस्परसंबंधांतून निष्पन्न होते. चिन्ह नाहीसे झाले की अर्थाची एक शक्यता संपते. आचाऱ्यांना दिलेले मानधन आचार्यांच्या नावे पडले, तर त्याला अर्थबहुलता म्हणता येणार नाही.

जुन्या पोथ्यांचे लेखकु अखेरीस नोंदवीत की जसे पाहिले तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष आपल्याकडे नाही. या निरपराधित्वाला आधार होता. लेखकूने निदान पाहिलेले असे. आजच्या स्थलांतरात पाहणे आणि नेणे या दोन क्रिया विभक्त झाल्या आहेत. लेखक पाठवून मोकळा होतो, रचनाकार आकार पाहतो, संपादक मूळ प्रतीवरूनच समाधान मानतो. अशा वेळी दोष वाटला जातो आणि नाहीसा होतो.

म्हणून उत्तरदायित्व ज्याला भेद कळतो त्याच्याकडे जाते. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील अंतर भाषेच्या अभ्यासकाला कळते. मराठी न येणाऱ्या रचनाकाराकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मूळ संहिता जपून ठेवणे, रूपांतरानंतरचे पान तिच्याशी ओळीने ताडून पाहणे आणि काय बदलले याची नोंद ठेवणे, ही पाठचिकित्सेचीच कामे होत. प्राचीन पोथ्यांसाठी जी शिस्त विद्यापीठांत शिकविली जाते, ती काल टंकलिखित झालेल्या प्रबंधालाही लागू आहे. ती न पाळल्यास उद्याच्या अभ्यासकाला पाठभेद सापडतील. मात्र ते कोणाचे, हे सांगणारे कोणी उरणार नाही.