गाडी सापडते, मन सापडतं का?



आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक २५ आणि २६.

अर्थ साधा आहे. धीर धरून, बुद्धीच्या आधाराने मन हळूहळू शांत करावं. आणि हे चंचल मन जिथे जिथे भटकेल, तिथून तिथून त्याला परत आणावं.

मी सॉफ्टवेअरवाला. हे वाचलं की मला गाडीतला ट्रॅकर आठवतो. हसू नका. कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटलंच आहे. आत बसलेला रथी म्हणजे आत्मा, खरा मालक. आपण फक्त रथाच्या जागी कार ठेवतोय.

ट्रॅकर काय करतो? किमान चार उपग्रहांचे सिग्नल ऐकून स्वतःची जागा काढतो आणि आतल्या सिमकार्डवरून ती सर्व्हरला कळवतो. आमच्या मिरजेत याचं मोल लगेच पटतं. चोरट्याने म्हैसाळ मागे टाकलं की पुढे कागवड, म्हणजे कर्नाटक. पोलिसांची हद्द बदलते, पण नकाशावरचा ठिपका काही हद्द मानत नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या टॅक्सी-बससारख्या प्रवासी वाहनांना तर असं यंत्र सक्तीचंच झालं.

पण ठिपका दिसला म्हणजे गाडी मिळाली असं नाही. मालकाच्या आधी लक्षात यायला हवं, मग ११२ ला फोन, एफआयआर, पोलिसांचा शोध, आणि शेवटी कोर्टातून सुपूर्तनाम्यावर ताबा. मनाचंही तसंच. ‘माझं मन भटकतंय’ हे कळणं म्हणजे नुसता ठिपका. परत आणणं हे पुढचं काम, आणि श्लोक तेच सांगतो.

दुसरी गोष्ट. पळत्या गाडीचं इंजिन लांबून एकदम बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची ताकद कमी होते, रस्त्यावरचा भलताच माणूस मरू शकतो. म्हणून अमेरिकेत ऑनस्टारने २००९च्या मॉडेल्समध्ये जी सोय दिली, ती पोलिसांच्या सांगण्यावरून गाडीचा वेग हळूहळू उतरवते. बऱ्याच यंत्रणा तर फक्त पुढच्या वेळी गाडी सुरू होऊ देत नाहीत. श्लोकातलं ‘हळूहळू’ हेच. पहिल्याच दिवशी तासभर ध्यान, चौथ्या दिवशी आसन गुंडाळून माळ्यावर. हा एकदम मारलेला ब्रेक झाला.

तिसरी गोष्ट मला फार धीर देते. मन किती वेळा भटकलं तर चालेल, याची मर्यादा भगवंतांनी घातलेली नाही. शंभरदा गेलं तर शंभरदा आणा. ट्रॅकर ‘परत गेलीस?’ म्हणून चिडत नाही, फक्त जागा सांगतो. स्वतःवर चिडण्यात गेलेला वेळ हीसुद्धा चोरीच.

आणि इथे गाडी आणि मन यांत फरक पडतो. गाडी महिन्याने सापडली तरी ती गाडीच असते. गावाकडून आईचा फोन येतो, आपण लॅपटॉपवर डोळे ठेवून ‘हं, हं’ करतो. ती दहा मिनिटं कुठल्याच सुपूर्तनाम्यावर परत मिळत नाहीत. मन वेळेत परत आणायचं ते यासाठी.

सराईत चोर आधी बॅटरीची वायर तोडतात, म्हणून चांगल्या ट्रॅकरमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते. आपलीही मुख्य वायर कधीतरी तुटते : नोकरी जाते, घरात आजारपण येतं. तेव्हा चालणारी आतली बॅटरी म्हणजे नाम. मात्र ती आधी चार्ज केलेली असावी लागते, वायर तुटल्यावर नाही.

आजचा अभ्यास : घरचा फोन आला की लॅपटॉप मिटा. मन निसटलं, तर न चिडता परत आणा. जितक्यांदा जाईल, तितक्यांदा.

राम कृष्ण हरी!