प्रत्येकाला आपापल्या भाषेत



पेंटेकॉस्टचा सण आणि शाळा उघडण्याचे दिवस आपल्याकडे बहुधा मागे-पुढेच येतात. याच सुमारास दादर, परळ, लालबाग भागात आदिवासी मुलांसाठी वह्या, दप्तरे, छत्र्या गोळा केल्या जातात. हे काम चांगलेच आहे. परंतु त्या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार आपण करायला हवा. आदिवासी मुलाला शिक्षण देताना आपण त्याच्याकडून काही काढून तर घेत नाही ना?

प्रश्न विचित्र वाटेल, पण ख्रिस्तसभेला तो सोडवावा लागला आहे. कॅनडात सरकारने उभारलेल्या आणि पुष्कळ ठिकाणी कॅथलिक संस्थांनी चालवलेल्या निवासी शाळांत मूळनिवासी मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवले गेले. त्यांना स्वतःची भाषा बोलण्याचीही बंदी होती. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस तेथे गेले आणि त्यांनी त्या लोकांची क्षमा मागितली. या शाळांत काम करणाऱ्या अनेकांना आपण मुलांचे भलेच करीत आहोत, असे वाटत होते. केवळ हेतू चांगला असून भागत नाही, हे यातून शिकायचे.

मग मदत करावी तरी कशी? याचे एक उत्तर दादरहूनच निघाले. ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. पुढे शहर सोडून १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये दोघींचे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. मुले शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरे राखायची असत. मुले आळशी आहेत, असा शिक्का या बाईंनी मारला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला नाव दिले कुरणशाळा. पाने, बिया, खडे, शिंपले हीच शिकवण्याची साधने झाली. मुलाला जे आधीच ठाऊक होते, तेथून धडा सुरू झाला.

वारली मुलाला पुष्कळ काही ठाऊक असते. त्यांच्या लग्नात सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात आणि धवलेरी गाणी गाऊन लग्न लावते. ही चित्रकला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. अशा घरातून आलेले मूल कोरी पाटी नसते.

कोणी म्हणेल, तारपा वाजवून नोकरी मिळत नाही. मराठी, इंग्रजी, गणित यायलाच हवे. हे खरेच आहे. मुलाला जंगलातच अडकवून ठेवणे म्हणजे प्रेम नव्हे. कोसबाडलाही अक्षरे, अंक, स्वच्छता शिकवलीच गेली. पण नवे शिकण्यासाठी जुन्याची लाज वाटायला लावू नये, एवढाच मुद्दा आहे.

पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने सर्वांना एकच भाषा दिली नाही. प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. आपण मराठी कॅथलिकांना हे समजायला कठीण जाऊ नये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट आपली भाषा शिकले, म्हणून १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण अवतरले. जो मान आपल्या भाषेला मिळाला, तोच इतरांच्या भाषेला देणे हे आपले कर्तव्य आहे.

त्यासाठी डहाणूला जायलाच हवे, असे नाही. झारखंड-छत्तीसगडमधून घरकामासाठी मुंबईत आलेल्या उरांव, मुंडा, खडिया समाजाच्या तरुण मुली रविवारच्या मिस्साला येतात आणि बहुधा मागच्या बाकांवर बसतात. त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? त्यांना शिकायचे असेल, तर संध्याकाळचा एखादा तास आपण त्यांच्यासाठी मोकळा ठेवतो का? त्यांचे एखादे भक्तिगीत आपल्या गायकवृंदाने त्यांच्याकडून शिकून घेतले तर?

वह्या, दप्तरे जरूर देऊ या. पण त्यासोबत त्यांच्याकडून काही घ्यायलाही शिकू या. जो केवळ देतो, तो वरच्या पायरीवरच उभा राहतो. प्रभू येशूने मात्र शोमरोनी स्त्रीशी बोलताना आधी तिच्याकडे पाणी मागितले आणि मग तिला जिवंत पाणी देऊ केले.