भय कुणाचं, राक्षस कुणाचा?

आपल्यातले काही मित्र माझ्या हातात भुताखेतांच्या गोष्टींचं पुस्तक दिसलं की तोंड वाकडं करतात. म्हणतात, देव सोडले, अंगारे-धुपारे सोडले आणि तू हे काय वाचत बसलायस? भूत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण भीती आहे. आणि लिहिणारा जेव्हा भीतीची गोष्ट लिहितो तेव्हा ती कुणाची भीती लिहितो, हा अंधश्रद्धेचा प्रश्न नाही. तो माणूसपणाचा प्रश्न आहे.

पैसे मोजून माणूस भिऊन का घेतो? घराला दार आहे, दाराला कडी आहे, म्हणून. ज्याच्या दारावर खरीच मध्यरात्री लाथ बसते, त्याला दारावरच्या थापेची गोष्ट वाचायची हौस नसते. आपल्या मराठी भुतांचंच बघा. मुंजा व्हायचं तर आधी मुंज झालेली पाहिजे. समंधातला मोठा कोण, तर ब्रह्मसमंध. म्हंजे पिंपळावरसुद्धा जात बघून जागा! नारायण धारपांच्या भयकथा मी वाचल्यात, वाचताना अंगावर काटाही आलाय. तो माणूस कारागीर होता. पण पांढरपेशाच्या सुखी घरात बाहेरून कायतरी अमंगळ शिरतं आणि कुणीतरी समर्थ येऊन ते घालवतो, हा साचा वाचताना माझं मन त्या 'अमंगळ' शब्दाशी अडतं. अमंगळ, अपवित्र, बाटलेलं. हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत, मित्रांनो. ते आपल्या आज्यापणज्यांना लावलेले आहेत.

नोएल कॅरल नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1990 साली भयकथेच्या तत्त्वज्ञानावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की राक्षस नुसता धोक्याचा असून भागत नाही, तो अशुद्धही वाटावा लागतो. वाघाला आपण भितो, त्याची किळस करत नाही. राक्षसाची किळस येते, कारण तो कुठल्याच कप्प्यात बसत नाही. मेलेला असून जिवंत, माणूस असून जनावर. त्याचा सिद्धांत जातीवरचा नाही. पण माणूस असून माणूस नाही, सावली पडली तरी विटाळ, हा कप्पा आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. भयकथेनं राक्षस कागदावर केला. इथल्या धर्मानं तो गावाबाहेर वस्ती करून ठेवला.

आता 'फ्रँकेन्स्टाईन' घेऊ. 1818 साली लंडनला छापून आलं, पुस्तकावर लेखिकेचं नाव नव्हतं. मेरी शेलीनं लिहायला घेतलं तेव्हा ती 18 वर्षांची होती. (अजून थोडं वाचन वाढू दे, मग लिहीन, असं म्हणणाऱ्या आपल्या दोस्तांनी हे ध्यानात घ्यावं.) पुष्कळांना वाटतं फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचं नाव. ते त्याला बनवणाऱ्याचं नाव आहे. राक्षसाला नावच नाही. त्यानं डोळे उघडल्याबरोबर बनवणारा पळून जातो. तोवर त्या बिचाऱ्यानं कुणाचं काय वाकडं केलेलं असतं? नुसता दिसायला किळसवाणा, एवढाच गुन्हा. मग तो एका गरीब घराला लागून असलेल्या खोपटात लपतो. फटीतून बघत बघत बोलायला शिकतो, वाचायला शिकतो, मिल्टन वाचतो, प्लुटार्क वाचतो. त्या घरासाठी रात्री गुपचूप सरपण आणून टाकतो. शेवटी धीर करून घरातल्या म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा आंधळा असतो, म्हणून नीट ऐकून घेतो. तेवढ्यात डोळस पोरगा येतो आणि काठीनं झोडपून काढतो. पुढं तो पाण्यात बुडणारी एक मुलगी वाचवतो, तर बंदुकीची गोळी खातो.

फटीतून शिकणारा, वर्गाबाहेर बसून कान देणारा हा प्राणी आपल्याला परका वाटतो काय? मला तर त्याची भीती वाटलीच नाही. मला भीती वाटली त्या डोळस पोराची.

आणि मालकवर्गाला हे पुस्तक कसं कळलं तेही ऐका. मार्च 1824. इंग्लंडच्या पार्लमेंटात गुलामांवर चर्चा चाललेली. परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग उठला आणि त्यानं याच कादंबरीचा दाखला दिला. म्हणे, काळ्या गुलामाला एकदम मोकळं सोडणं म्हणजे अंगानं दांडगा आणि अकलेनं पोर असा राक्षस उभा करणं. पुस्तक येऊन सहाच वर्षं झाली होती. शेलीबाईचा राक्षस कादंबरीत पानंच्या पानं बोलतो, वाद घालतो, हिशेब मागतो. कॅनिंगनं त्याचं तोंडच काढून घेतलं. 1931 च्या हॉलीवूडच्या सिनेमानं तेच केलं. तिथला राक्षस बोलत नाही, गुरगुरतो, आणि त्याच्या डोक्यात गुन्हेगाराचा मेंदू बसलेला दाखवलाय. झालं काम. मारझोडीनं नाही बिघडला, जन्मतःच तसला होता. हा डाव आपण कुठं बघितलाय, ते सांगायला नको.

झॉम्बीची कथा तर याहून वाईट. हैती ही फ्रेंचांची उसाच्या मळ्यांची वसाहत. गुलाम 1791 ला उठले आणि 1 जानेवारी 1804 ला स्वतंत्र झाले. मळ्यावरच्या गुलामाला एकच आशा होती, मेल्यावर जीव आफ्रिकेला परत जाईल. झॉम्बी म्हंजे ज्याला मरूनही सुटका नाही असा. मेला तरी उठवलेला, मालकासाठी राबणारा. झॉम्बी आपल्याला खाईल ही त्या लोकांची भीती नव्हती. आपण झॉम्बी होऊ, ही होती.

1915 ते 1934 हैती अमेरिकन फौजेच्या ताब्यात होतं, तिथं रस्त्यांसाठी वेठबिगार लावली गेली. त्याच काळात, 1932 ला, 'व्हाइट झॉम्बी' हा सिनेमा निघाला. त्यात साखरेच्या गिरणीचा एक प्रसंग आहे. मेलेली माणसं चरक फिरवतायत. एक जण तोल जाऊन आत पडतो. कुणी थांबत नाही, चरक करकरत राहतो. आणि मालक सांगतो, हे लोक इमानानं काम करतात, जास्त तासांबद्दल यांची तक्रार नसते. मी गिरणीत रात्रपाळी करणारा माणूस. पहाटे चार वाजता साच्यापुढं उभ्या असलेल्या माणसाचे डोळे कसे होतात ते मला ठाऊक आहे. मला त्या सिनेमात पुढं भ्यायला काही उरलंच नाही. पण सिनेमाला त्या चरकात गेलेल्या माणसाचं काही पडलेलं नाही. त्याला काळजी एका गोऱ्या नवरीची, ती झॉम्बी होईल काय! गुलामाचं भय उचललं आणि गोऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं.

जॉर्ज रोमेरोच्या 1968 च्या सिनेमापासून तर मेलेले माणसं खायला लागले. तरी त्या सिनेमाला मी मानतो. त्यातला काळा नायक बेन रात्रभर भुतांशी झुंजून जगतो आणि सकाळी बंदूकवाल्या गोऱ्या टोळीच्या गोळीनं मरतो. त्यांना तो भुतातलाच एक वाटतो.

राक्षसाच्या बाजूनं गोष्ट वाचायची रीत आपल्याकडं नवी नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' लिहिली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली आणि त्यात दशावतार उलटे करून वाचले. पाताळात ढकललेला दैत्य बळी हा त्यांनी आपला राजा म्हणून उभा केला. इथपर्यंत आपल्या सगळ्यांचं एकमत होईल. माझं भांडण पुढं आहे.

आपल्या कवितेत आपणही राक्षस करायला लागलोय. पाटील राक्षस, सावकार सैतान. टाळ्या पडतात. पण राक्षसावर खटला भरता येत नाही, त्याला जाब विचारता येत नाही. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत चौघांना मारलं. मारणारे गावचेच लोक होते. शिंगं कुणालाच नव्हती. त्यांना राक्षस म्हणून आपण त्यांना फुकट सोडतो.

आणि दुसरं, जस्टीन. 'फ्रँकेन्स्टाईन'बद्दल बोलताना आपले लोक हिला विसरतात. ती मालकाच्या घरातली मोलकरीण. राक्षस मालकाच्या लहान भावाचा गळा आवळतो आणि पोराजवळची तसबीर झोपलेल्या जस्टीनच्या कपड्यात सरकवून देतो. पाद्री तिला नरकाची धमकी देऊन देऊन खोटा कबुलीजबाब काढतो. तिला फाशी होते. मालकाला खरं ठाऊक असतं, तो गप्प बसतो, लोक वेडा म्हणतील म्हणून. मालकाचं गप्प बसणं नेहमीचंच. पण ज्याचं कुणी ऐकलं नाही, त्यानं आपला सूड नेमका जिचं कुणी ऐकणार नव्हतं तिच्याच गळ्यात बांधला! सभेत व्यवस्थेवर आग ओकून घरी बायकोवर हात उचलणारा क्रांतिवीर आपण सगळ्यांनी बघितलाय. विचारलं तर म्हणतो, मला व्यवस्थेनं असं केलं. राक्षसही तेच म्हणतो, आणि खोटं म्हणत नाही.

त्या सबंध कादंबरीत जस्टीनच्या वाट्याला थोडीच पानं आलीत. भीती तिचीच सगळ्यात खरी आहे, आणि तिच्यात भूत कुठंच नाही. तिच्या तोंडून ही गोष्ट कुणी लिहीत असेल, कुणी बहीण लिहीत असेल तर फारच चांगलं, तर पुढच्या अंकाला पाठवा. स्टेन्सिल मी कापीन.