वाकडे शेपूट, आखूड पाय

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण मराठीत म्हणतो. आमच्या अळणावरात भिंतीपलीकडच्या कानडी घरातही तीच म्हण ऐकू येते : ‘नायि बाल डोंकु’. दोन भाषांचे बाकी कितीही वाद असोत, कुत्र्याला नावे ठेवण्यात दोघींचे एकमत आहे. दोन्ही म्हणींचे गृहीत एकच. वाकडेपणा कुत्र्याच्या अंगचा, आणि माणूस बिचारा नळी हाती घेऊन तो सरळ करू पाहणारा. पण डॅशंड जातीचे कुत्रे समोर आले की हा हिशेब उलटा होतो. तिथे कुत्रा मुळात सरळ होता. त्याला वाकवले ते माणसाने.

जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर, जमिनीत बिळे करून राहणारा एक चिवट प्राणी. ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. बॅजरच्या बिळात शिरून त्याला गाठील असा कुत्रा जर्मन शिकाऱ्यांना हवा होता. म्हणून पिढ्यान् पिढ्या आखूड पायांची आणि लांब पाठीची पिल्ले निवडून त्यांचीच वीण वाढवली. पुढे शिकार मागे पडली, आकार तेवढा राहिला, आणि तो लोकांना इतका आवडला की 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकचे बोधचिन्हही डॅशंडच होते. आपल्याकडे बिळ नाही, बॅजर नाही. धारवाडहून लोंढ्याकडे जाणाऱ्या रुळांवरच्या आमच्या गावात तो सोफ्यावर चढतो आणि उतरतो, एवढेच त्याचे काम. आणि नेमके तेच त्याला सोसत नाही.

कारण ज्या गुणाने ही जात घडली, तोच तिच्या दुखण्याचे मूळ आहे. एफजीएफ-4 नावाच्या जनुकाची एक जादा प्रत डॅशंडच्या पेशींत असते, आणि तिच्यामुळे पायांची हाडे लवकर वाढायची थांबतात, हे 2009 साली उमगले. तशीच दुसरी एक प्रत 2017 साली सापडली. तिचा संबंध पाठीच्या कण्याशी निघाला. दोन मणक्यांच्या मध्ये जी मऊ गादी असते, तिचा गर या कुत्र्यांत पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच कडक होऊ लागतो, त्यात चुना साठतो. मग एखाद्या साध्या उडीने गादी फुटते आणि मज्जारज्जूवर दाब येतो. साधारणपणे चार-पाच डॅशंडांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हे दुखणे गाठते, तेही बहुधा ऐन उमेदीत, तीन ते सात वर्षांच्या दरम्यान. मागचे पाय लुळे पडतात. बोटाला जोराने चिमटा काढला तरी कळेनासे झाले, म्हणजे वेळ फार थोडा उरला असे समजावे.

आमच्या ओळखीच्या एका घरात हे घडले. लाकडाचा धंदा असलेले जुने मराठी कुटुंब. त्यांच्या घरची डॅशंड कुत्री पाच वर्षांची असताना एका सकाळी उठली ती पुढच्या दोन पायांवर. मागचे धड फरशीवरून ओढत ती दारापर्यंत आली आणि नेहमीप्रमाणे शेपूट हलवायला गेली, पण शेपूट हलले नाही. घरच्या काकूंनी तिचे सगळे केले. मूत्राशय हाताने दाबून रिकामे करण्यापासून कूस बदलण्यापर्यंत. पण मला सांगायचे आहे ते पुढचे. या कुत्रीची दोन वेळची आठ पिल्ले अळणावर, हल्याळ आणि खानापूर इथल्या स्नेह्यांच्या घरी गेली होती. त्यांतल्या एका मादीची पिल्ले काढायचे घाटत होते. काकूंनी मला विचारले, “मास्तर, त्यांना सांगायचं का? सांगितलं तर ‘रोगट पिल्लू गळ्यात बांधलं’ म्हणतील. नाही सांगितलं तर त्यांना कळणार कसं?”

प्रश्न कुत्र्याचा वाटतो, पण तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. स्थळ पाहताना आपण पत्रिका मागतो, नाडी पाहतो. घरात रक्ताचा किंवा डोळ्यांचा काही आजार चालत आला आहे काय, हे विचारायला मात्र कचरतो. आणि ज्यांना ठाऊक असते ते मुलीचे लग्न मोडेल या भीतीने गप्प राहतात. ही भीती खोटी नसते. म्हणूनच ‘सांगून टाका’ असे पटकन म्हणणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावे की सांगण्याची किंमत नेहमी सांगणाऱ्यालाच मोजावी लागते.

मी काकूंना म्हटले, सांगा. माझ्या या उत्तरावर तीन आक्षेप आले, आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप प्रारब्धाचा. ज्याचे त्याचे भोग. आपण कोण बदलणार? पण आपल्याच परंपरेने कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग केले आहेत. कुत्रीचे पाय गेले हे प्रारब्ध म्हणा हवे तर. तिच्या मुलीची वीण काढायची की नाही, हे मात्र क्रियमाण आहे, आणि ते कुत्रीचे नव्हे, आपले आहे. दुसऱ्याच्या प्रारब्धाच्या आड आपले क्रियमाण लपवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल. अधू का होईना, पण पिल्लाला जन्म तर मिळतो. मुळीच न जन्मण्यापेक्षा ते बरे नव्हे काय? यावर मी पुष्कळ विचार केला. न झालेले पिल्लू कुठल्या दाराबाहेर ताटकळत उभे नसते. वीण काढली नाही तर ज्याच्यावर अन्याय झाला असे म्हणावे, असा कोणीच नसतो. वीण काढली तर मात्र सोसणारा जीव नक्की असतो, आणि त्याला आपण काही विचारलेले नसते. जन्माला आलेल्या अधू जिवावर माया करावीच, जशी काकूंनी केली. पण त्या मायेच्या जोरावर आणखी अधू जीव जन्माला घालण्याचा परवाना मिळत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. रस्त्यावरच्या कुत्र्याला रेबीजची लस मिळण्याची मारामार, आणि तुम्ही जातिवंत कुत्र्याची क्ष-किरण चित्रे कसली काढता? हे ऐकून मान खाली जाते खरी. घरच्या कुत्र्याला रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी वेळेवर देणे हे पहिले कर्तव्य, आणि आमच्याकडच्या पावसात लेप्टोचाही विचार करावा लागतो. पण रस्त्यावरचे कुत्रे आपण घडवलेले नाही, डॅशंडची पाठ आपण घडवली. दयेचे ऋण सर्वांचेच असते; घडवणाऱ्याचे ऋण त्याहून वेगळे आणि आधी फेडायचे असते.

मग करावे काय? मागच्या कण्याची ती जनुकीय प्रत जवळजवळ प्रत्येक डॅशंडमध्ये असते, त्यामुळे नुसत्या जनुक-चाचणीने चांगले-वाईट निवडता येत नाही. उत्तर युरोपात डेन्मार्क, फिनलंड आदी देशांत दोन ते चार वर्षांच्या वयात कण्याचे क्ष-किरण चित्र काढून चुना साठलेल्या गाद्या मोजतात. त्या कमी असतील अशाच नर-मादीची जोडी लावतात. हा गुण आनुवंशिक असल्याने निवडीचा उपयोग होतो. डोळ्यांचा पडदा झिजण्याचा एक विकार आहे, त्याची जनुक-चाचणी आहे. तिथे दोष वाहणारा, पण स्वतः निरोगी असा कुत्रा वीणीतून बाद करावा लागत नाही. त्याची जोडी निर्दोषाशी लावली की बाधित पिल्लू होत नाही. चाचणी कोणाला कलंक लावण्यासाठी नसते, हे यावरून कळावे. अंगावर ठिपक्याठिपक्यांचा रंग असलेले दोन डॅशंड मात्र एकमेकांना कधीच लावू नयेत. त्या हौसेपायी आंधळी-बहिरी पिल्ले होतात.

आपल्या देशातही 2017 साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम झाले. पैदास करणाऱ्याची नोंदणी हवी, मादी दीड वर्षाची झाल्याखेरीज वीण नको, आयुष्यात पाचांहून जास्त विती नकोत, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. पण पाठीचे चित्र पाहून मगच पिल्लू घेईन, असे म्हणणारे गिऱ्हाईक नियमाने तयार होत नाही.

आपल्या भागाला याचे भान नाही असे नाही. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात जोपासलेले लांब पायांचे शिकारी कुत्रे अजून टिकून आहे. 2005 साली त्याचे टपाल तिकीट निघाले, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे त्यासाठी केंद्र आहे. त्याचे रूप त्याच्या धावण्यातून आले. रूप कामासाठी असले की ते कामच त्याला लगाम घालते. रूप केवळ पाहणाऱ्याच्या सुखासाठी उरले की लगाम आपल्या विवेकालाच घालावा लागतो.

नामदेवांची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगतात. कुत्रे कोरडी भाकरी घेऊन पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्या गोष्टीतले तूप आपण लक्षात ठेवले, धावणे विसरलो. डॅशंडला तूप देऊ नये. वजन वाढले की त्याच्या पाठीवरचा भार वाढतो. त्याला हवा बारीक बांधा, पाठ धरून उचलणारे दोन हात, सोफ्याला लावलेली एक उतरती फळी आणि पट्ट्याऐवजी छातीला बांधायचा साज. समोरच्या जिवाला खरोखर काय हवे हे जाणून त्याच्यामागे धावणे, हाच त्या गोष्टीचा अर्थ असावा. न जाणता केलेली माया आपलेच मन निववते. जाणून घेण्याचा त्रास सोसून केलेली माया त्या मुक्या जिवापर्यंत पोचते.