शेवटच्या कडव्यातलं नाव

वामनदादा कर्डकांचं गाणं संपत आलं की बहुतेक वेळा एक ओळ अशी येते जिच्यात त्यांचं स्वतःचं नाव असतं. गाणारा कुणीही असो, त्या ओळीत त्याला ‘वामन’ म्हणावंच लागतं. आपल्या आधी वाट काढून गेलेल्या कलावंताला गायकानं मानवंदना कशी द्यावी, याचं मला पटलेलं उत्तर त्या ओळीत आहे.

मानकोलीच्या आसपास हे उत्तर दोन बाजूंनी समजून घेता येतं. मुंबई-नाशिक महामार्गावरचं भिवंडी तालुक्यातलं हे गाव आज गोदामांनी वेढलेलं आहे. एप्रिलमध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीच्या दिवसांत भीमगीतं वाजतात तेव्हा ती ऐकणाऱ्यांत वारकरी घरातला माणूस असतो आणि उर्दू बोलणाराही. शेजारच्या भिवंडीत उत्तरेतून आलेल्या विणकरांनी मागासोबत उर्दूही आणली. मुशायऱ्याला बसणाऱ्याला ठाऊक असतं की गझलेच्या मक्त्यात शायराचं नाव येणार. कीर्तनाला बसणाऱ्याला ठाऊक असतं की अभंगाच्या शेवटी तुका येणार, चोखा येणार. कव्वालीच्या बाजात गायलेल्या भीमगीतात शेवटी वामन आला की या दोघांनाही ते आपलंच वाटतं.

पण अभंगातल्या नाममुद्रेत आणि या नाममुद्रेत एक मोठा फरक आहे, आणि तो वामनदादांच्या आयुष्यात आहे. मानकोलीवरून जाणाऱ्या याच रस्त्यानं घोटीपर्यंत गेलं आणि तिथून वळलं की सिन्नर लागतं. त्या तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी ते जन्मले. मुंबईत आले, गिरणीत राबले, मिळेल ते काम केलं. अक्षरओळख झाली तीही मोठेपणी. १९४३ साली पहिलं गाणं केलं, एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. पुढं गावोगाव फिरून हजारो गाणी रचली आणि गायली. ज्या समाजातल्या म्हाताऱ्या माणसालाही गाव नाव मोडून, अरे-तुरे करून हाक मारत असे, त्या समाजातला हा माणूस. तरुणपणापर्यंत ज्याला आपलं नाव लिहिता येत नव्हतं, त्यानं ते नाव इतरांच्या तोंडी अखंड, मोडतोड न करता बसवलं. भर सभेत, माइकवर, रात्री बाराला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

त्याच नाममुद्रेनं पुढच्या गायकांनाही बांधून घेतलं. कल्याणला राहिलेले प्रल्हाद शिंदे वामनदादांचं गाणं गात, तेव्हा आवाज प्रल्हाददादांचा आणि सही वामनदादांची. ‘आता मी अमुक यांना अभिवादन करतो’ असं निवेदन करायची गरजच उरत नाही. गाणं बाबासाहेबांविषयीचं असतं, म्हणजे अभिवादनाच्या आत आणखी एक अभिवादन. गाण्यातच दुसऱ्याचं नाव घेण्याची ही रीत संत सोयराबाईंपासून चालत आलेली आहे. आपल्या अभंगात स्वतःची ओळख देताना त्या चोखोबांचं नाव घेतात. नवरा म्हणून घेतात आणि गुरू म्हणूनही.

दुसऱ्या तऱ्हेनंही मानवंदना देता येते. अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन मिसिसिपी नदीचं एक गाणं गायचा. ते ‘शो बोट’ या १९२७ सालच्या संगीतिकेतलं, गोऱ्या कवीनं लिहिलेलं. रोबसननं पुढं त्यातले थकव्याचे, हार मानल्याचे शब्द बदलून लढत राहण्याचे शब्द घातले. १९५० मध्ये सरकारनं त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ पर्यंत परत दिला नाही. न्यूयॉर्कला शिकायला गेलेल्या आसामी गायक भूपेन हजारिकांना रोबसन भेटला. मायदेशी त्यांनी रोबसनच्या त्या गाण्यावरून आसामीत नवं गाणं रचलं, त्यात त्यांनी आपल्या नदीला जाब विचारला. ही मानवंदना थोरच आहे. तिच्यात रोबसनचं नाव कुठंच नाही; ते ठाऊक असलेल्यानं दुसऱ्याला सांगावं लागतं. वामनदादांच्या बाबतीत हे सांगणं गाण्यानंच अंगावर घेतलं आहे.

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी २३ जूनला. प्रल्हाददादांच्या घरात आज नातू आदर्श गातो आहे. तेव्हा आवाजांची चिंता मला वाटत नाही. चिंता वाटते ती डीजेची. मिरवणुकीत ध्रुवपद तेवढं उचललं जातं, त्याखाली ठेका घातला जातो आणि तेच फिरत राहतं. पोरं मनापासून नाचतात, त्यांचा आनंद खराच आहे, जयंती त्यांचीही आहे. पण शेवटचं कडवं येतच नाही, आणि हे गाणं कुणाचं ते त्या पोरांना कळत नाही. मानकोलीच्या नाक्यावर असो की कुठंही, मिरवणूक थांबते तिथं एक तरी गाणं पूर्ण वाजवा, शेवटच्या कडव्यापर्यंत. आणि ते संपेपर्यंत पुढचं लावू नका.