भूपाळीचा कर्ता

‘होनाजी बाळा’ हे नाव एका शाहिराचे वाटत असले तरी ते उत्तर पेशवाईतील एका जोडीचे आहे. होनाजी शिलारखाने हा गवळी समाजातील कवी कवने रची आणि त्याचा सोबती बाळा करंजकर ती गाई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या जोडीचा फड, म्हणजे तमाशाचा संच, नावाजला आणि रागदारीच्या अंगाने बसून गायची बैठकीची लावणी रूढ करण्याचे श्रेयही बहुधा तिलाच दिले जाते. होनाजीच्या रचनांचा मोठा भाग उघड शृंगाराचा आहे, आणि तरीही ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ ही कृष्णाला जागवणारी भूपाळी, म्हणजे पहाटे म्हणायचे प्रबोधनगीत, त्याचीच आहे. ज्या घरांत लावणीचे नाव काढणेही अशिष्ट मानले जाई त्या घरांतही ती म्हटली गेली, आणि यातूनच एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: प्रार्थनेचे पावित्र्य तिच्या कर्त्याच्या आचरणावर अवलंबून असते काय?

या प्रश्नाला शिष्ट परंपरेने दिलेले उत्तर होनाजीच्या समकालीनांच्या चरित्रकथांत दिसते. सोलापूरचा राम जोशी मोरोपंतांच्या प्रभावाने तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, तर संगमनेरच्या अनंत फंदीला अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने उपरती झाली, असे सांगतात. या आख्यायिकांत तथ्य किती हा प्रश्न वेगळा, पण कर्ता आधी शुद्ध व्हावा आणि मगच त्याची वाणी देवापुढे यावी ही त्यांमागची अपेक्षा स्पष्ट आहे. तमाशातही कलगी आणि तुरा हे पक्ष अनुक्रमे शक्ती आणि शिव यांचे श्रेष्ठत्व सवाल-जबाबांतून मांडीत असत, म्हणजे तत्त्वचर्चा तिथे परकी नव्हती, याकडे मात्र या कथा सोयीने डोळेझाक करतात. होनाजीच्या नावावर अशी उपरतीची कथा रूढ नाही, आणि त्याच्या भूपाळीचे तिच्यावाचून काही अडलेले दिसत नाही.

वाक्याच्या प्रामाण्याविषयी भारतीय परंपरेत निदान दोन भूमिका आहेत. वाक्यात दोष येतो तो वक्त्यामुळे आणि वेदाला वक्ताच नाही, म्हणून तो निर्दोष, हे मीमांसकांचे अपौरुषेयत्वाचे मत; उलट संतांच्या अभंगात स्वानुभव हाच आधार असतो आणि अखेरची नाममुद्रा, म्हणजे कवीने गुंफलेले स्वतःचे नाव, त्या अनुभवाची साक्ष देते. भूपाळी या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही, कारण तिचा गाभा विधानाचा नसून हाकेचा आहे. विधान खरे की खोटे हे ठरवताना वक्ता विश्वासार्ह आहे का असे विचारता येते. ‘ऊठ’ या हाकेला मात्र तो प्रश्न लागू पडत नाही, आणि जो ती म्हणतो त्याचीच ती हाक होते.

याचा अर्थ कर्ता नाहीसा होतो असा नाही. धार काढण्याची वेळ झाली आहे, गाई हंबरत आहेत, वासरे पान्ह्याची वाट पाहत आहेत, गोपी सडासंमार्जन करून घागरी कडेवर घेऊन यमुनेकडे निघाल्या आहेत, असा जो पहाटेचा क्रम या भूपाळीत येतो, त्यात गोठ्याची सवय असलेल्या माणसाची नजर जाणवते. हे तपशील वेदान्ताच्या पोथीतून येण्यासारखे नाहीत. व्यवसायाने दिलेले ज्ञान इथे भक्तीच्या कामी येते आणि त्याला वैराग्याची पूर्वअट लागत नाही.

एक अडचण मात्र उरतेच. भूपाळीच्या अखेरच्या चरणात होनाजीचे नाव येते आणि तो देवाचे नित्य चिंतन करतो असे सांगितले जाते. ही मात्र हाक नव्हे, हे विधान आहे आणि त्याच्या खरेखोटेपणाचा प्रश्न विचारता येतो. तथापि ती म्हणणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य तृतीय पुरुषात राहते, त्यामुळे होनाजीच्या वतीने ग्वाही देण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, आणि तोपर्यंत देवाला जागे करण्याचे त्याचे स्वतःचे काम झालेलेच असते.